विरजण, मोरचूद आणि जीनोम : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात सूक्ष्मजीवांवरचे प्रश्न बरेच साचले होते. पत्रे बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी अशी चहूकडची. कोणाचे दही, कोणाचे सोयाबीन, कोणाची द्राक्षबाग. पण खोलात गेले तर सगळ्यांचे विचारणे एकच : परिसर बदलला की एकपेशीय जीवांच्या जनुकांत काय होते? म्हणून ती पत्रे एकत्र घेतली आहेत. जीनोम म्हणजे पेशीतल्या डीएनएची अथपासून इतिपर्यंतची पोथी. तिची अक्षरे चार. एखादे काम सांगणारा त्यातला उतारा म्हणजे जनुक. एवढे धरून चालले की पुढचे अवघड नाही.

प्रश्न : माझे माहेर हिंडलगा. आईच्या घरचे विरजण मुंबईला नेले. पहिले आठ-दहा दिवस दही तसेच घट्ट व गोडसर लागले, मग आंबट होत गेले. हवा बदलली म्हणून जीवाणूच बदलले का? – एक वाचक, मुंबई

बदलले, पण तुम्हाला वाटते तसे नव्हे. विरजणाच्या चमच्यात एकच जात नसते. तिथे पाच-सहा जातींचे गाव नांदत असते. लॅक्टोकॉकस लॅक्टिसला ३० अंशांच्या आसपास सुख असते आणि ४० च्या वर तो वाढत नाही. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या जोडीला मात्र ४० ते ४५ अंश हवेत. हिंडलग्याच्या गार रात्री कोमट दुधात लावलेले दही लवकर निवते आणि लॅक्टोकॉकसचे फावते. मुंबईच्या उकाड्यात भांडे रात्रभर गरमच राहते, ऊब आवडणारे पुढे जातात. त्यातला बल्गेरिकस आम्ल सोसतो आणि करतोही भरपूर. आठ-दहा दिवसांत गावाचे खानेसुमारीचे आकडे फिरले, एवढेच. कोणाच्या पोथीतले अक्षरही हलले नसेल.

आईची चव हवी असेल तर आईच्या घरचे तापमान द्या. दूध उकळून ३५ अंशांपर्यंत निवू द्या, म्हणजे बोटाला ना गरम ना गार लागेल इतके. एका लिटरला एक लहान चमचा विरजण घालून ते दुधात पूर्ण मोडा आणि भांडे घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. खानापूरचे मातीचे मडके मिळाले तर उत्तम. भिंतीतून पाणी झिरपून उडते, त्याने दूध गार राहते आणि दहीही घट्ट होते. दही लागले की लगेच फ्रिजमध्ये. विरजण जास्त घातले तर दही लवकर लागते, पण आम्ल एकदम वाढून पाणी सुटते. पुढच्या खेपेला माहेराहून आणलेले ताजे दही बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा. काही जीवाणू मरतील, पण तीन-चार आठवडे एकेक वडी वापरता येते.

आता जीनोम. तुमचा प्रश्न एका घराचा आणि दहा दिवसांचा आहे. तोच दुधाचा परिसर माणसाने हजारो वर्षे टिकवून धरला तेव्हा मात्र पोथ्याच बदलल्या. थर्मोफिलसच्या सगळ्या जीनोमचे वाचन २००४ मध्ये झाले, बल्गेरिकसचे २००६ मध्ये. दोन्ही सुमारे १८ लाख अक्षरांचे, म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्या निम्म्याहूनही लहान. थर्मोफिलसची साधारण दहा टक्के जनुके मोडकी आहेत : उतारा दिसतो, पण मध्येच तुटलेला, वाचता न येणारा. बल्गेरिकसमध्ये अशी २७० मोडकी जनुके मोजली गेली. ती कोणती, हे पाहण्यासारखे आहे. नाना प्रकारच्या साखरा पचवणारी गेली, कारण दुधात लॅक्टोज ही एकच साखर मुबलक. बल्गेरिकसची बरीचशी अमिनो आम्ले बनवणारी यंत्रणाही गेली, कारण दुधातले केसीन हे प्रथिन तोडले की ती आयती मिळतात. थर्मोफिलसचे सख्खे भाऊबंद माणसाच्या तोंडात-घशात राहतात आणि त्यांतले काही रोगही देतात. त्यांच्याकडची रोगाची हत्यारे याच्याकडे एक तर नाहीत, नाही तर गंजलेली आहेत. गरज सरो, वैद्य मरो.

दुधाने ही जनुके काढून टाकली असे म्हणू नका. ती मोडणे सगळीकडेच चालू असते, रानातही आणि दुधातही. रानात मोडले तर तो जीवाणू मरतो. दुधात मोडले तर कोणाला पत्ताही लागत नाही, आणि मोडक्याचा वंश पुढे चालतो.

या जोडीची देवघेवही जनुकांपर्यंत पोचली आहे. थर्मोफिलस बल्गेरिकसला फॉर्मिक आम्ल पुरवतो, बल्गेरिकस केसीन तोडून त्याला अमिनो आम्ले देतो. गंधकयुक्त अमिनो आम्लांसंबंधीचा एक जनुकांचा पुंजका तर दोघांच्या जीनोममध्ये जवळजवळ शब्दशः सारखा सापडतो. एकाच भांड्यात राहून तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला, हेच त्याचे सरळ कारण.

प्रश्न : आमच्या गावच्या डेअरीत पाकिटातले कल्चर वापरतात. ते अधूनमधून अचानक दगा देते, दूध तसेच राहते. घरच्या विरजणाला असे होत नाही. का? – निपाणी

दुधात प्रतिजैविक आले असेल तर आधी ते तपासा. गायीच्या सडात औषध सोडल्यावर ठरलेले दिवस दूध बाजूला काढले नाही की असे होते. ते नसेल तर संशय जीवाणुभक्षी विषाणूंवर, म्हणजे फाजवर घ्या. पाकिटात दोन-चारच वाण असतात. त्यांना ओळखणारा एक फाज टाकीत शिरला की काही तासांत सगळे गारद. घरच्या विरजणात वाणांची खिचडी असते, त्यामुळे एक मेला तरी दुसरा दही लावतो. म्हणून डेअरीत कल्चर आलटून-पालटून वापरायचे, ताकाचे-निवळीचे शिंतोडे कल्चरच्या खोलीत येऊ द्यायचे नाहीत आणि टाकी क्लोरीनच्या द्रावणाने धुवायची.

या मारामारीच्या खुणा जीनोममध्ये राहतात. २००७ मध्ये याच थर्मोफिलसवर दाखवून दिले गेले की फाजच्या हल्ल्यातून वाचलेला जीवाणू त्या फाजच्या डीएनएचा सुमारे ३० अक्षरांचा तुकडा कापून आपल्या जीनोममध्ये एका ठरलेल्या जागी, ओळीत सर्वांत पुढे, चिकटवतो. पुढच्या वेळी तोच फाज आला की ओळखून छाटतो. या व्यवस्थेचे नाव क्रिस्पर. त्या ओळी वाचल्या की वाणाची कोणकोणत्या फाजशी गाठ पडली होती, ते क्रमाने कळते. परिसराची इतकी सरळ नोंद जीनोममध्ये क्वचितच सापडते.

प्रश्न : परिसर उत्परिवर्तन घडवतो की निवडतो? पुस्तकात 'अनुकूलनासाठी जीव बदलतो' असे वाक्य आहे. – बी.एस्सी. द्वितीय वर्ष, बेळगाव

उत्परिवर्तन म्हणजे जीनोमच्या अक्षरांत झालेला बदल. पुस्तकातल्या वाक्यातला 'साठी' खोडा. बदल 'साठी' होत नाहीत. आधी होतात, मग त्यांतले काही उपयोगी पडतात.

याचा पुरावा १९४३ चा, लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांचा. प्रयोग इतका साधा की आजही वर्गात फळ्यावर मांडता येतो. ई. कोलायच्या थोड्या थोड्या पेशी अनेक छोट्या नळ्यांत वेगवेगळ्या वाढवल्या. मग प्रत्येक नळी फाजने माखलेल्या बशीवर ओतली आणि वाचलेल्या वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, मोजल्या. फाजच्या संपर्काने प्रतिकार 'तयार होत' असता तर सगळ्या नळ्यांत साधारण सारखेच आकडे आले असते. आले काय, तर बऱ्याच नळ्यांत शून्य, काहींत चार-दोन आणि एखादीत शंभराच्या वर. याचा अर्थ, ज्या नळीत उत्परिवर्तन योगायोगाने लवकर झाले तिथे फाज येण्याच्या आधीच त्या पेशीचे खंडीभर वारस जन्मलेले होते.

आकडे धरून पाहा म्हणजे 'योगायोग' हा शब्द पोकळ वाटणार नाही. ई. कोलायच्या जीनोममध्ये सुमारे ४६ लाख अक्षरे. नक्कल करताना साधारण हजार विभाजनांमागे एक नवी चूक राहते. रात्रभर वाढलेल्या एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटी पेशी, म्हणजे तितकीच विभाजने, म्हणजे दहा लाख नव्या चुका. पाच मिलिलिटरच्या नळीत पन्नास लाख. सरासरीने जीनोमच्या प्रत्येक अक्षराला एकदा धक्का बसून गेलेला असतो, तोही एका रात्रीत, परिसराने काही न मागता. परिसराला फक्त उचलायचे असते.

मग परिसराचा वेगावर काहीच परिणाम नाही का? आहे, आणि इथे परीक्षेत मुले गडबडतात. अतिनील किरण, काही रसायने, काही प्रतिजैविके डीएनए मोडतात. तो सांधायला पेशी 'एसओएस' नावाची आणीबाणीची यंत्रणा चालू करते. तिच्यातली काही विकरे (एन्झाइम) ढिसाळ, नक्कल करताना जास्त चुकणारी. त्यामुळे चुका वाढतात. पण कुठे आणि कोणती चूक करायची, हे परिसर सांगत नाही. घाई वाढते, दिशा नाही.

काही वेळा चुका दुरुस्त करणारे जनुकच मोडते आणि मग तो वंश कायमचा चुकीखोर बनतो. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत ई. कोलायचे १२ सारखे वंश सुरू केले. रोज ०.१ मिलिलिटर जुने ९.९ मिलिलिटर नव्या द्रवात टाकायचे, म्हणजे दिवसाला साडेसहा पिढ्या. सगळ्यांना एकच अन्न, तुटपुंजे ग्लुकोज. १२ पैकी ६ वंश पुढे असे चुकीखोर झाले. आणि ३१,००० हून अधिक पिढ्यांनंतर एका वंशाने भलतेच केले : द्रवात पहिल्यापासून पडून असलेले सायट्रेट तो हवेत खाऊ लागला. (ई. कोलाय हवेत सायट्रेट खात नाही, ही त्याची प्रयोगशाळेतली ओळख.) तपासल्यावर दिसले की सायट्रेट आत आणणारे जनुक आधीपासून होतेच, पण प्राणवायू असताना बंद राहणारे. त्या पट्ट्याची शेजारीच दुसरी प्रत झाली आणि ती नेमकी प्राणवायूत जनुक चालू ठेवणाऱ्या खटक्याच्या मागे जाऊन बसली. परिसर बाराही वंशांना सारखाच होता, सायट्रेट बाराही जणांच्या ताटात होते. तरी खाल्ले एकानेच.

प्रश्न : अमिबाचा जीनोम माणसाच्या दोनशे पट मोठा असतो हे खरे का? – खानापूर

६७० अब्ज अक्षरांचा तो आकडा एका अमिबाच्या जुन्या मोजणीचा आहे. तेव्हाची पद्धत ढोबळ होती, आणि पेशीने गिळलेल्या भक्ष्याचा डीएनएही त्यात आला असण्याचा संभव आहे. तो आकडा आज कोणी भरवशाचा मानत नाही. जीनोमची लांबी आणि जीवाची करामत यांचा तसाही फारसा संबंध नसतो.

प्रश्न : सोयाबीनला रायझोबियमचे पाकीट दर वर्षी लावायला सांगतात. गेल्या वर्षीचे जीवाणू जमिनीत मरतात का? नसतील मरत तर पुन्हा खर्च कशाला? – शेतकरी, चिकोडी तालुका

मरत नाहीत सगळे. घोटाळा वेगळाच आहे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीत राहून हवेतले नत्र बांधणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमचा (तुमच्या पाकिटातले रायझोबियम ते हेच) जीनोम २००२ मध्ये वाचला गेला : ९१ लाख अक्षरे, दह्याच्या जीवाणूच्या पाचपट. दुधातल्या जीवाला एकच ताट मिळते. मातीतल्याला कधी ओल, कधी भेगा, कधी शेण, कधी युरिया, म्हणून त्याने सगळी हत्यारे जपलेली. गाठ करण्याची आणि नत्र बांधण्याची जनुके या जीनोममध्ये विखुरलेली नाहीत. ती ६ लाख ८० हजार अक्षरांच्या एका सलग पट्ट्यात आहेत. या पट्ट्याला 'सहजीवनाचे बेट' म्हणतात.

काही नातलग जातींत असे बेट अख्खेच्या अख्खे एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकाला एकाच वाणाचे पाकीट लावले होते. सात वर्षांनी गाठी फोडल्या तर आत तऱ्हेतऱ्हेचे स्थानिक जीवाणू निघाले, आणि सगळ्यांजवळ पाकिटातल्या वाणाचेच बेट. १९९५ मध्ये हे छापून आले. पुढे ऑस्ट्रेलियात बिसेरुला या दुसऱ्या चारापिकावर ह्याची वाईट बाजू दिसली. बेट मिळालेल्या काही स्थानिकांनी गाठी तर केल्या, पण नत्र मात्र नीट बांधेनात. घराची किल्ली मिळाली, कामाची सवय नाही. असे जीवाणू त्या मातीत मुरलेले असतात, संख्येनेही जास्त, त्यामुळे मुळाशी तेच आधी पोचतात. पाकीट दर वर्षी लावायचे ते याचसाठी, की पहिल्या दिवशी मुळाजवळ कामाच्या वाणाची गर्दी असावी.

आता कृती. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट. गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करा, गरम द्रावणाने जीवाणू मरतात. सोयाबीनची साल नाजूक, म्हणून द्रावण दाणा फक्त ओलसर होईल इतकेच घ्या. जास्त झाले की साल सुटते आणि उगवण घटते. बी गोणपाटावर पसरून हलक्या हाताने वर-खाली करा, चोळू नका. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सर्वांत शेवटी जीवाणू. तिन्ही एकाच बादलीत कालवले की पैसे पाण्यात. रयत संपर्क केंद्रातून किंवा दुकानातून पाकीट घेताना त्यावर पिकाचे नाव आणि मुदत पाहा. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही, तो जीवाणूच वेगळा. पाकीट उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या डिकीतून आणले असेल तर मुदत बघूनही उपयोग नाही.

चाळीस दिवसांनी पाच-सहा ठिकाणची रोपे कुदळीने मातीसकट काढा. उपटलीत तर गाठी जमिनीतच राहतील. मुळे पाण्यात हलवून धुवा आणि मुख्य मुळाजवळच्या गाठी नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग म्हणजे काम चालू. पांढरट किंवा हिरवट म्हणजे फुकटे भाडेकरू. गाठीच नसतील तर आधी विचारा, पेरताना युरिया किती टाकला? आयते नत्र मिळाले की झाड गाठी करायचे टाळते. खानापूरकडच्या तांबड्या, आम्ल जमिनीत गाठी कमी येण्याचे दुसरे कारण म्हणजे घसरलेला सामू. तिथे माती परीक्षण करून चुना टाकल्याशिवाय नुसती पाकिटे वाढवून काही होत नाही.

प्रश्न : इडलीचे पीठ आंबवणारा जीवाणू आणि कारखान्यात उसाचा रस चिकट करणारा जीवाणू एकच, असे आमच्या लॅबमध्ये म्हणतात. – साखर कारखान्यातील एक केमिस्ट, संकेश्वर भाग

जात एकच, ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडस. त्याच्याकडे उसाच्या साखरेतून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवणारे विकर आहे. इडलीच्या पिठात ही साखर जवळजवळ नसते, म्हणून तिथे तो गुणी. तोडून पडलेल्या उसात ती ओतप्रोत. इथे जीनोम बदलावा लागत नाही, आहे तेच जनुक दुसऱ्या ताटावर बसले आहे. उपाय तुम्हाला माहीतच आहेत : तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला, जळका ऊस त्याहून आधी, मिलखालच्या तळ्या वाफेने धुणे.

डिस्टिलरीतल्या यीस्टची गोष्ट मात्र जीनोमची आहे. ब्राझीलच्या इथेनॉल कारखान्यांत हंगामाच्या सुरुवातीला पावाचे यीस्ट टाकत. तेच यीस्ट सल्फ्युरिक आम्लाने धुऊन पुन्हा पुन्हा वापरायचे, ही तिथली रीत. काही आठवड्यांत टाकलेले यीस्ट नाहीसे होऊन उसाबरोबर आलेली रानटी वाणे टाक्या काबीज करत. त्यांतल्याच टिकाऊ वाणांना पुढे बियाण्याचा मान मिळाला. त्यांच्या जीनोममध्ये ब-६ जीवनसत्त्वाशी संबंधित जनुकांच्या प्रती वाढलेल्या सापडल्या. साखर भरपूर आणि ते जीवनसत्त्व अपुरे असले की या जादा प्रतींचा वाढीला फायदा होतो.

प्रश्न : बागेत वर्षानुवर्षे बोर्डो फवारतो. जमिनीतले सूक्ष्मजीव मरतात की सरावतात? – द्राक्ष बागायतदार, अथणी

दोन्ही. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. एका फवाऱ्यातले तांबे थोडेसे, पण ते कुजत नाही की उडून जात नाही. वरच्या थरात साठत जाते. जुन्या बागेची मातीपरीक्षा करताना तांबेही मोजून घ्या.

सरावणे म्हणजे काय, ते द्राक्षाच्या सालीवरच्या यीस्टमध्ये छान दिसते. यीस्टच्या आठव्या गुणसूत्रावर कप-१ नावाचे जनुक आहे. ते एक छोटे प्रथिन बनवते, जे तांब्याला मिठी मारून निरुपद्रवी करते. जनुकाची एकच प्रत असलेले यीस्ट थोड्या तांब्यानेही मरते. पण सुमारे दोन हजार अक्षरांचा हा पट्टा एकामागोमाग एक, माळेसारखा, पुन्हा पुन्हा मांडलेला असू शकतो. डीएनएची अदलाबदल होताना माळा सरकून जुळल्या की एका पेशीला जास्त मणी जातात, दुसरीला कमी. जास्तवाली तांब्यात जगते. दारूच्या द्राक्षमळ्यांतल्या आणि तळघरांतल्या यीस्टमध्ये म्हणूनच या माळा लांब सापडतात. तिथे गंधकाची धुरी देतात. ती सोसायलाही याच यीस्टमध्ये दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलून गंधक बाहेर टाकणारे जनुक जोरात चालणारी जुळणी रूढ झाली आहे. बेदाण्याला गंधक देणाऱ्या शेडमध्येही तोच दाब असतो, म्हणजे सोसेल तोच टिकेल अशी परिस्थिती.

यीस्टचे सरावणे तुम्हाला त्रासाचे नाही. जीवाणूंचे आहे. जीवाणूजन्य करपा, डाळिंबावरचा तेल्या असे रोग देणाऱ्या झँथोमोनास या जीवाणूंच्या गटात तांबे सोसणारी जनुके बहुधा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य पोथीबाहेरची सुटी, हातोहात फिरणारी चिठ्ठी. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यात तांबे घालत, तेव्हा आतड्यातल्या एन्टेरोकॉकसमध्ये तांब्याचे आणि प्रतिजैविकांचे प्रतिकार-जनुक एकाच प्लाझ्मिडवर शेजारी सापडले. म्हणजे तांबे वापरत राहिले की प्रतिजैविकांचा प्रतिकारही फुकटात जपला जातो. म्हणून ढग दिसला की फवारा, ही सवय सोडा. पाने ओली राहण्याचे तास मोजून फवारा, आणि तांब्याबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिसळण्याचा मोह टाळा.

प्रश्न : एखादे औषध काही वर्षे बंद ठेवले तर जंतूंचा प्रतिकार जातो का? – औषध विक्रेते, बेळगाव

कधी जातो. हिवतापाचा परजीवी प्लाझ्मोडियम हाही एकपेशीय. आफ्रिकेतल्या मलावी देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन हे हिवतापाचे औषध बंद केले. १९९२ मध्ये सुमारे ८५ टक्के नमुन्यांत प्रतिकाराची जनुकीय खूण होती, २००० मध्ये ती १३ टक्क्यांवर आली. परजीवींनी उत्परिवर्तन मागे फिरवले नाही. संवेदनशील वंश कोपऱ्यात थोडे उरले होते, औषध हटताच त्यांनी मैदान परत घेतले, कारण प्रतिकाराचे ओझे वाहणारे त्यांच्यापुढे मंद होते. भारतात व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीच्या हिवतापाला क्लोरोक्विन आजही चालते, त्यामुळे इथला दाब पूर्ण हटलेलाच नाही.

जीवाणूंत ही आशा फार धरू नका. ओझे हलके करणारी दुसरी उत्परिवर्तने होतात आणि प्रतिकार बिनखर्चाचा बनतो. शिवाय एका प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांची जनुके असली तर एक औषध बंद करून चालत नाही, बाकीची चार-पाच त्याला राखतात.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी प्रतिजैविक आणि आतड्यातले जीवाणू घेऊन प्रतिकार 'तयार' करायचा विचार आहे. कृती द्याल का? – एम.एस्सी., बेळगाव

ती देणार नाही. प्रतिकारक आतड्याचे जीवाणू मुद्दाम वाढवून बेसिनमध्ये ओतणे योग्य नाही. तीच गोष्ट पावाचे यीस्ट आणि मोरचूद घेऊन दिसते.

माध्यम : १०० मिलिलिटर पाण्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, पेप्टोन २, ग्लुकोज २, बशीसाठी अगार २ ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह. मोरचूद आधी घालू नका, उष्णतेत ग्लुकोजशी क्रिया होऊन तांबूस गाळ बसतो. अडीच ग्रॅम मोरचूद (स्फटिक) १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून वेगळे निर्जंतुक करा. माध्यम ५० अंशांवर आल्यावर १०० मिलिलिटरमध्ये याचे १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिमोलर. ०, ०.५, १, २, ४, ८ अशा बश्या करा. पेप्टोन तांबे बांधून ठेवते, म्हणून इतर माध्यमांतले आकडे इथे लावू नका आणि पेप्टोनची बाटली मधेच बदलू नका.

यीस्टची रेघ ओढून एकच वसाहत उचला. सगळा प्रयोग तिच्यापासून. पाकिटातले दाणे थेट टाकले तर आधीच असलेला फरक निवडला की नवा झाला, हे कधीच सांगता येणार नाही. ३० अंशांवर वाढवून दहापट विरळ करत पाच-पाच मायक्रोलिटरचे ठिपके बश्यांवर द्या आणि वाढ स्पष्ट कमी होते ती पातळी शोधा. मग सहा नळ्या, प्रत्येकीत ५ मिलिलिटर द्रव, तिघींत त्या पातळीचे तांबे, तिघींत काही नाही. रोज ५० मायक्रोलिटर नव्या नळीत. १५ दिवसांत साधारण शंभर पिढ्या. पहिल्या दिवसाचा नमुना २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा, नाही तर शेवटी तुलना कशाशी करणार?

सर्वांत मोठी चूक इथे होते. तांब्यात वाढलेले यीस्ट शेवटी जास्त तांबे सोसते, म्हणून 'उत्परिवर्तन झाले' असे लिहून टाकतात. कप-१ तांबे दिसताच जोराने चालू होते, तो तात्पुरता सराव. म्हणून सहाही नळ्या दोन दिवस बिनतांब्याच्या द्रवात फिरवा आणि मग ठिपके द्या. तरीही फरक टिकला तरच तो आनुवंशिक म्हणा. फार दिवस मात्र फिरवू नका, लांब झालेली माळ दाब हटला की पुन्हा आखडू शकते. तीन नळ्यांत तीन निकाल आले तर गोंधळू नका, लुरिया-डेलब्रुक आठवा. काहीच फरक आला नाही तर तसेच लिहा. रोज सूक्ष्मदर्शकात ४०० पट मोठे करून पाहा. अंडाकृती, कळ्या फुटणाऱ्या पेशींमध्ये बारीक काड्या दिसल्या तर जीवाणू शिरले, ती नळी बाद.

शेवटी सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्ह करा. तांब्याचे पाणी मोरीत ओतू नका. त्यात चुन्याची निवळी घाला, निळसर गाळ खाली बसेल. तो सुकवून रसायनशास्त्र विभागाच्या धातूच्या कचऱ्याच्या बरणीत द्या.